आमच्या चिरंजीवांची ‘किरकोळ’ शस्त्रक्रिया

आमचे चिरंजीव वीस महिन्यांचे होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी त्यांना आंघोळ घालताना माझा हात थबकला. साबण डोळ्यांत गेल्यामुळे स्वारीने घर डोक्यावर घेतले होते, आणि उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ वर आली होती. रडणे थांबले, तशी गाठ नाहीशी झाली. ह्यांना हाक मारून दाखवायला गेले तर तिथे काहीच नाही! “तुला भास झाला असेल,” हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बिस्किटावरून रडारड झाली आणि गाठ पुन्हा हजर. मग मात्र ह्यांचाही चेहरा उतरला.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी सांगितले, “हर्निया आहे.” आपल्याकडे ज्याला अंतर्गळ म्हणतात तोच. मला वाटे, हा आजार ओझी उचलणाऱ्यांना, म्हाताऱ्या माणसांना होतो. ज्याने आयुष्यात डाळीच्या डब्यापेक्षा जड काही उचलले नाही, त्याला हे कुठून? पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले, ते सांगते, कारण ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

मुलगा पोटात असताना त्याचे अंडकोष आधी त्याच्या पोटात असतात. जन्माच्या आधी ते खाली उतरतात आणि उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक नळी बरोबर घेऊन येतात. काम झाले की ही नळी आपोआप मिटते. एखाद्या मुलात ती मिटत नाही. मग रडताना, खोकताना जोर आला की आतड्याचा पदर त्या वाटेने खाली घसरतो. मुलींनाही हा विकार होतो, पण मुलांना पुष्कळ जास्त, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना अधिकच. यात आईच्या खाण्यापिण्याचा, मुलाला रडू दिल्याचा काही दोष नसतो. हे वाक्य डॉक्टरांनी न विचारता सांगितले. तेच तर मला विचारायचे होते, पण धीर होत नव्हता.

“थोडं थांबून पाहिलं तर?” मी म्हटले. डॉक्टर म्हणाले, बेंबीचा हर्निया असता तर थांबलो असतो. तो बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बरा होतो. (आपल्याकडे बेंबीवर नाणे ठेवून पट्टा बांधतात. त्याचा उपयोग नाही, उलट कातडी खराब होते.) जांघेतला मात्र आपोआप मिटत नाही. आतडे त्यात अडकले तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग तासांचा हिशेब करावा लागतो. गाठ कडक झाली, आत जाईना, लालसर दिसू लागली, मूल ओकू लागले, तर घरी तेल चोळत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

तारीख ठरली आणि माझी झोप उडाली. भीती कापण्याची नव्हती, भुलीची होती. गंमत अशी की, ज्या गावात आम्ही राहतो तेच या भुलीचे एक माहेर! ४ नोव्हेंबर १८४७ रोजी इथल्या क्वीन स्ट्रीटवरील ५२ क्रमांकाच्या घरात डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन आणि त्यांचे दोन सहकारी डॉक्टर जेवणानंतर क्लोरोफॉर्म हुंगून बसले आणि बघता बघता तिघेही बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांना हवे ते सापडल्याचा आनंद झाला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत सिम्प्सन साहेबांचा पुतळा आहे. बाबागाडी घेऊन त्यावरून मी किती वेळा गेले असेन, पण मान वर करून पाहिले ते त्या आठवड्यात.

पाहून थांबले असते तर बरे झाले असते. पण रात्री जागून वाचू नये ते वाचले. त्या प्रयोगाला तीन महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. नख काढताना! अशा घटनांतूनच धडा घेऊन जॉन स्नो यांच्यासारख्या डॉक्टरांनी औषधाची मात्रा मोजून देण्याची यंत्रे केली, आणि भूल देणे हे स्वतंत्र शास्त्र झाले. आज क्लोरोफॉर्म वापरातून गेले आहे. श्वास, नाडी, रक्तातला प्राणवायू यांवर क्षणोक्षणी नजर असते. हे सगळे ह्यांनी मला समजावले. समजले सगळे, झोप मात्र आली नाही.

खरी धास्ती होती सासूबाईंना सांगायची. त्या असतात शिरोळ तालुक्यात. आयुष्यभर काढा, लेप आणि मीठ-मोहरीची दृष्ट यांवर विश्वास. “एवढ्याशा जिवाला कापायचं?” असे म्हणतील, या भीतीने आम्ही आठ दिवस गप्प होतो. शेवटी फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, “कुठल्या बाजूला आहे?”

“उजव्या, आई.”

“माझ्या धाकट्या भावालाही उजव्याच बाजूला होतं.”

लग्नाला सहा वर्षे झाली, पण सासूबाईंना असा भाऊ होता हे मला ठाऊक नव्हते. ह्यांनाही नव्हते. तो दोन वर्षांचा होता, त्या दहा वर्षांच्या. गाठ वर यायची, आजी हाताने दाबून आत सारायची. श्रावणात एका रात्री ती आत जाईना. पोर ओकू लागले. मिरजेला १८९४ पासून डॉक्टर वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल, सगळ्या मुलखात नाव गाजलेले. गावातून दोन तासांची वाट. पण मध्ये कृष्णा, आणि तिला पूर आलेला. नावाडी नाव घालायला तयार होईना. वडील मुलाला खांद्यावर घेऊन दोन दिवस काठावर बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे सारे संपले.

“अगं,” सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या घराच्या आणि दवाखान्याच्या मध्ये नदी आहे का?”

“नाही, आई.”

“मग रडतेस कशाला? जा आणि करून आण.”

त्या दिवशी पहाटे शहरावर ‘हार’ उतरला होता. समुद्रावरून येणाऱ्या दाट धुक्याला इथले लोक हार म्हणतात. चिरंजीवांना रात्रीपासून उपास. शस्त्रक्रियेच्या सहा तास आधीपासून दूध-भात बंद, फक्त पाण्याचे घोट. मुलांचे हे इस्पितळ १८६० साली निघाले, १८९५ पासून शीन्स रोडवरच्या लाल दगडी इमारतीत होते आणि २०२१ मध्ये शहराच्या दक्षिणेला लिटल फ्रान्स भागात गेले. नाव बदलले तरी सगळे गाव त्याला जुन्याच लाडक्या नावाने ‘सिक किड्स’ म्हणते. तिथे मुलांना खेळवायलाच एक ताई नेमलेली होती. तिने चिरंजीवांच्या अस्वलाला आधी भुलीचा मुखवटा लावला, मग हातावर बधिर करणारे मलम चोळले. “चला, वी मॅन!” असे म्हणत परिचारिका आल्या. वी म्हणजे चिमुकला.

आत एकाच पालकाला जाता येते. मी गेले. मांडीवर घेऊन बसले. मुखवटा जवळ आला तसे त्याने माझा पदर शोधला. मी अंगात कोट घातला होता. तो कोटच त्याने मुठीत धरला. चार-सहा श्वास, आणि मूठ सुटली. डोळे अर्धे उघडे, मान माझ्या दंडावर ढळलेली. असे होते हे त्यांनी आधी सांगितले होते, तरी पोटात खड्डा पडला. “आता तुम्ही बाहेर जा, आम्ही आहोत,” भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्या पंधरा पावलांइतकी लांब वाट मी आजवर चालले नाही.

बाहेर बसल्यावर आमच्या शेजारच्या स्कॉटिश आजींची आठवण झाली. त्या पाच वर्षांच्या असताना एका इस्पितळात त्यांच्या घशाच्या गाठी काढल्या. आईला आत यायला मनाई. तिने खिडकीबाहेरून हात हलवला, तेवढीच भेट. तेव्हा या देशात तीच रीत होती. मूल आईला पाहून रडते, म्हणून आईलाच दूर ठेवायचे! हे चूक आहे असे ठणकावून सांगणारा माणूस स्कॉटलंडचाच, जेम्स रॉबर्टसन. १९५२ मध्ये त्यांनी एक बोलपट दाखवला. दोन वर्षे पाच महिन्यांची एक मुलगी, बेंबीचा हर्निया, आठ दिवस इस्पितळात. ती आरडाओरडा करत नाही. अस्वल आणि पांघरूण घट्ट धरून, ओठ दाबून आईची वाट पाहते. आणि घरी जायच्या दिवशी आईचा हात धरत नाही. डॉक्टरांनी या बोलपटाला नावे ठेवली. पण १९५९ मध्ये सरकारी प्लॅट समितीने शिफारस केली की मुलांना केव्हाही भेटू द्यावे, लहानग्यांच्या आईला सोबत राहू द्यावे. पालकांनी चळवळ केली, आणि हळूहळू दारे उघडली.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आई खाटेखाली सतरंजी टाकून झोपते, मावशी डबा आणते, मामा औषधासाठी धावतो. त्यात अडचणीचा भाग मोठा, कारण परिचारिका अपुऱ्या. पण मुलाला जाग येते तेव्हा ओळखीचा वास जवळ असतो, ही गोष्ट आपल्या गरिबीने राखली.

पाऊण तासाने मला बोलावले. चिरंजीव जागे होते, पण मला ओळखत नव्हते! हातपाय झाडत, डोळे फिरवत आक्रोश चाललेला. “भुलीतून उठताना काही मुलं अशी करतात, अर्ध्या तासात शांत होईल,” परिचारिका म्हणाल्या. मी नुसती कानाशी त्याची अंगाई गुणगुणत राहिले. पंचविसाव्या मिनिटाला त्याने कोट मुठीत धरला. मग टोस्ट मागितला.

संध्याकाळी घरी आलो. जखम करंगळीच्या पेराहून थोडी मोठी, टाके आपोआप विरघळणारे. बिल नाही, १९४८ पासून या देशात ते सरकार भरते. दोन दिवस वेदनाशामक औषध, आणि तिसऱ्या दिवशी स्वारी कोचावर उभी.

रात्री सासूबाईंना फोन लावून मुलगा दाखवला. त्यांनी तिकडूनच मीठ-मोहरी ओवाळली. मग पडद्याला अगदी जवळ येऊन बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, “उद्या मी मिरजेला जाणार आहे. नदीवर नारळ वाहून येते. साठ वर्षं तिच्याशी बोलले नव्हते.”

वाचकहो, आपल्या घरात मुलाच्या जांघेत अशी गाठ दिसली तर लपवू नका, दाबू नका, वाट पाहू नका. आता मध्ये नदी नाही.