विद्यापीठीय शिक्षण व समाजसहभाग

विद्यापीठीय शिक्षण व समाजसहभाग : सर्व विद्याशाखांतील विद्यार्थ्यांनी पदवीपर्यंत कोणत्या सामाईक क्षमता संपादन कराव्यात हे निश्चित करून, त्यांच्या संपादनासाठी भोवतालच्या समाजातील प्रत्यक्ष कामाचा अभ्यासक्रमात अंतर्भाव करणारी शिक्षणव्यवस्था. या अपेक्षित क्षमतांना ‘अध्ययन-निष्पत्ती’ म्हणतात. रसायनशास्त्राचा व साहित्याचा विद्यार्थी यांचे विषयज्ञान भिन्न असते. तथापि पुराव्याची पारख, सुस्पष्ट निवेदन, भिन्न परिस्थितीतील माणसांशी सहकार्य आणि सामाजिक जबाबदारीची जाणीव यांची अपेक्षा दोघांकडूनही केली जाते. केवळ समाजसेवेत लोकांची गरज भागली की काम संपते. येथे मात्र गरज भागणे आणि विद्यार्थ्याची क्षमता वाढणे ही दोन्ही उद्दिष्टे एकाच कामातून साधावयाची असतात.

पार्श्वभूमी : विद्यापीठाचे ज्ञान त्याच्या आवाराबाहेर नेण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये विस्तार-व्याख्याने सुरू केली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६२ च्या मॉरिल अधिनियमान्वये शेती व यंत्रविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांसाठी जमिनी देण्यात आल्या, तर १९१४ च्या स्मिथ-लीव्हर अधिनियमाने कृषिविस्तारकार्याला स्थैर्य दिले. या उपक्रमांत ज्ञानाचा ओघ मुख्यतः विद्यापीठाकडून लोकांकडे असे. पदवीच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम त्यामुळे फारसा बदलत नसे. राल्फ टायलर या शिक्षणतज्ञाने १९४९ मध्ये उद्दिष्टे, अध्ययन-अनुभव व मूल्यमापन यांची सांगड घालण्याचा विचार मांडला. हा विचार आणि विस्तारकार्य एकत्र आणण्याचे प्रयत्न पुढे झाले.

पोर्टलंडचा प्रयोग : ऑरेगन राज्यातील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाने हा मेळ संपूर्ण विद्यापीठाच्या पातळीवर घातला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये निघालेल्या एका विस्तारकेंद्रातून या संस्थेचा उगम झाला व १९६९ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राज्यातील मालमत्ताकरावर १९९० मध्ये मर्यादा आल्याने उच्च शिक्षणाच्या अनुदानाला कात्री लागली. या अडचणीच्या काळातच सामान्य शिक्षणाची फेरमांडणी होऊन १९९४ मध्ये नवी योजना सुरू झाली. तोपर्यंत विद्यार्थी निरनिराळ्या विभागांतील सुटे विषय निवडून ठराविक संख्या पूर्ण करीत. नव्या योजनेत चिकित्सक विचार, संवादकौशल्य, मानवी अनुभवाच्या विविधतेची जाण आणि नैतिक व सामाजिक जबाबदारी ही चार उद्दिष्टे सर्वांसाठी ठेवण्यात आली.

या रचनेत पहिल्या वर्षी एकाच व्यापक विषयावरील १५ श्रेयांकांचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम, दुसऱ्या वर्षी १२ श्रेयांक, पुढे परस्परसंबद्ध विषयगटाचे १२ श्रेयांक आणि अखेरीस ‘कॅपस्टोन’ या नावाचा ६ श्रेयांकांचा प्रकल्प असे. प्रकल्पात निरनिराळ्या विषयांचे विद्यार्थी अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक संस्थेबरोबर काम करीत व तिला उपयोगी पडेल असा अहवाल, शिक्षणसाहित्य वा आराखडा तयार करीत. पहिल्या वर्षी ठरलेली उद्दिष्टेच अखेरच्या प्रकल्पालाही लागू असल्याने समाजातील काम हे पदवीला जोडलेले शेपूट न राहता तिचा कळस ठरले. अध्यापकांच्या बढतीच्या निकषांतही १९९६ मध्ये समाजाभिमुख विद्वत्कार्याला स्थान देण्यात आले.

भारतातील स्थिती : राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेची, तर कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाचा अविभाज्य भाग म्हणून समाजसेवेची शिफारस केली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले [⟶ प्रौढ शिक्षण]. तरीही हे कार्य बहुधा अभ्यासक्रमाबाहेरच राहिले : तासांची नोंद होई, पण त्या तासांत विद्यार्थी काय शिकला याची पारख क्वचितच होई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसहभागाचे श्रेयांकाधारित अभ्यासक्रम सुचविले. महाराष्ट्राच्या २०२३ च्या शासन निर्णयातील पदवी-आराखड्यात क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांकांसह स्थान मिळाले.

कार्यपद्धती व मर्यादा : गावातील पिण्याच्या पाण्याची पाहणी हे एक सुबोध उदाहरण होय. रसायनशास्त्राचा विद्यार्थी पाण्याचे नमुने तपासतो, संख्याशास्त्राचा विद्यार्थी कोणत्या व किती विहिरींचे नमुने घ्यावेत ते ठरवितो, आणि भाषेचा विद्यार्थी निष्कर्ष ग्रामसभेला समजतील अशा मराठीत मांडतो. तिघांची कामे वेगळी असली, तरी पुरावा तपासणे, तो समजावून सांगणे व त्याची जबाबदारी घेणे या कसोट्या समान राहतात. मूल्यमापनासाठी केवळ उपस्थिती पुरेशी नसते. विद्यार्थ्याचे चिंतनपर लेखन, प्रत्यक्ष निष्पन्न काम व स्थानिक लोकांचा अभिप्राय हे तिन्ही पाहावे लागतात.

या पद्धतीतील मुख्य धोका असा, की समाज हा सहभागी न राहता प्रयोगशाळा बनतो. दरवर्षी नवी तुकडी येते, त्याच कुटुंबांना तेच प्रश्न विचारते, माहिती घेऊन जाते आणि निष्कर्ष गावाकडे परतत नाहीत. विद्यापीठाची सत्रे परीक्षांच्या वेळापत्रकाने चालतात, तर गावाचे व्यवहार पेरणी-कापणीच्या हंगामाने. त्यामुळे कामे अर्धवट राहतात. शिवाय श्रेयांक सक्तीचे झाले आणि अध्यापकाच्या कार्यभारात या कामाची गणना झाली नाही, तर छायाचित्रे व प्रमाणपत्रे यांवरच भागविण्याची प्रवृत्ती बळावते. यावर एकाच वस्तीशी अनेक वर्षांचा संबंध, प्रश्नांच्या निवडीत लोकांचा वाटा आणि निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत देण्याचे बंधन हे उपाय होत. श्रेयांक दिल्याने समाजकार्याला अभ्यासक्रमात जागा मिळते. त्या जागी शिक्षण घडते की नाही, हे मात्र समान उद्दिष्टांच्या काटेकोर मूल्यमापनावर आणि गावाच्या हाती अखेर काय उरले, यावर अवलंबून असते.