आपला संघ, आपली माणसं

जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही, मोठं स्टेडियमही नाही. पण इथल्या क्रीडाप्रेमींना अभिमानाने ‘आपलं’ म्हणावं अशी नावं जवळपासच आहेत.

घाटापलीकडे, हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक जिंकलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य!

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या माहीमचा शार्दुल ठाकूर. मार्च 2024, रणजी उपांत्य सामना. तमिळनाडूविरुद्ध मुंबई 7 बाद 106. नवव्या क्रमांकावर आलेल्या शार्दुलने 109 धावा कुटल्या. त्याचं हे पहिलंच प्रथम श्रेणी शतक. पुढे मुंबईने 42वं विजेतेपद पटकावलं.

तुमच्या पाड्यातल्या कबड्डी-क्रिकेट संघांचे जुने फोटो असतील, तर मागे नावं आणि वर्ष लिहून ठेवा. गावचा क्रीडा-इतिहास असाच जमतो.