माजघरांतील नवा खेळगडी

धाराशिव जिल्ह्यांत लग्नकार्य उरकलें कीं घरीं गोंधळ घालण्याची रीत जुनी आहे. दिवटी पेटली, संबळ वाजूं लागला, कीं आजीपासून रांगत्या पोरापर्यंत सारें घर एका ठिकाणीं बसे. गोंधळ हा कुळधर्म खरा. परंतु तीच त्या घराची करमणूकही होती. पुढें रेडिओ आला, दूरदर्शन आलें, आणि १९८७ सालीं सुरू झालेल्या रामायण मालिकेनें रविवारची सकाळ साऱ्या घराला एकत्र बांधून ठेविली. आज घरांत माणसें आठ व मोबाईलही आठ; जेवणें आटोपलीं कीं प्रत्येकाचा कोपरा निराळा! एकत्र कुटुंब हें केवळ चुलीपुरतेंच एकत्र राहावयाचें काय?

या प्रश्नास पुण्या-मुंबईस नोकरी करणारी तरुण मंडळी एक उत्तर सुचवितात: व्हिडिओ गेमचा कन्सोल माजघरांतील टीव्हीस जोडावा. सूचना हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ऑडिसी हें या जातीचें पहिलें घरगुती यंत्र अमेरिकेंत १९७२ सालीं निघालें, तें निव्वळ खेळाचें होतें. परंतु सोनी कंपनीच्या २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्यें खेळांबरोबर डीव्हीडीही चाले, आणि त्याच्या १५ कोटींहून अधिक खपाचें तेंही एक कारण होय. त्याच यंत्रासाठीं २००९ सालीं 'देसी अड्डा' हा खेळ निघाला. त्यांत कबड्डी, विटीदांडू, पतंग हे आपलेच खेळ होते. म्हणजे नियम समजावून देण्याचा मान आजोबांचा!

आजचें प्लेस्टेशन ५ भारतांत फेब्रुवारी २०२१ मध्यें आलें, तेव्हां त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्यावर खेळ, चित्रपट, यूट्यूब सर्व चालतें. मात्र त्याच्या स्वस्त प्रकारास तबकडीचा खणच नसतो. ज्यांच्या कपाटांत नाटकांच्या व लग्नमुंजींच्या डीव्हीडी जपून ठेविल्या आहेत, त्यांनीं खणाचें यंत्र पाहूनच घ्यावें. गाण्यांच्या सीडी मात्र त्यावर वाजत नाहींत.

खर्चाचा हिशेबही आधीं मांडावा. खेळ चालूं असतां सुमारें २०० वॅट वीज लागते, म्हणजे पांच तासांस एक युनिट. वीज एकाएकीं गेल्यास खेळाची नोंद बिघडण्याचा संभव असतो. म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर ठेवावें. मोठा खेळ इंटरनेटवरून उतरविण्यास ५० जीबी लागले, तर रोजच्या दीड जीबींत महिना सरेल. फायबरची जोडणी नसेल तेथें हा विचार अवश्य करावा.

ज्यांना केवळ नाटक-चित्रपट पाहावयाचे आहेत, त्यांनीं या खर्चांत पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. टीव्हीस जोडावयाची कांहीं हजारांची लहानशी कांडी तेवढें काम करते. कन्सोल घ्यावयाचा तो एकत्र खेळण्यासाठींच.

आणि घेतलाच, तर नियम पहिल्या दिवशींच घालावेत. यंत्र मुलाच्या खोलींत न ठेवतां माजघरांत असावें. हातांतील कंट्रोलर निदान दोन असावेत, व घरांतील मुलींची पाळी मुलांइतकीच असावी. मुलांच्या खेळण्याचा वेळ ठरवून देण्याची सोय यंत्रांतच आहे. तिचा उपयोग वडील माणसांनीं शिकून घ्यावा. आठवड्यांतील एक संध्याकाळ आजीच्या नाटकासाठीं राखावी. ज्या गांवीं २०१७ सालीं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलें, तेथील घरांना ही आवड नव्यानें लावावयास नको.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. खेळ रंगांत आला असतां चहा कोणीं करावयाचा? पुरुष व मुलें टीव्हीपुढें आणि सुना ओट्यापाशीं, असें झालें तर त्यास कुटुंबाची करमणूक म्हणतां येणार नाहीं. गोंधळाच्या रात्रीं घरची सूनही पुढें येऊन बसत असे. जो हरेल त्यानें चहा करावा, हा नियम आम्हांस सर्वांत न्याय्य वाटतो. आणि त्यांतून सासरेबुवांनाही सूट नसावी.