चेंडू आधी लागला, मग फाउल कसा?

सोमवारचा पहिला तास सुरू होण्याआधी अच्छाड-तलासरीकडच्या कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यात क्षणभर उभे राहा. शनिवार-रविवारच्या लीग सामन्यांचा हिशेब चाललेला असतो. कोण जिंकले, कोण हरले हे दोन मिनिटांत संपते. मग खरा वाद पेटतो तो एखाद्या टॅकलवरून. एक म्हणतो, "पंचाने उगाच लाल कार्ड दाखवले. त्याचा पाय आधी चेंडूलाच लागला होता!" दुसरा म्हणतो, "आणि पुढच्याची नडगी गेली त्याचे काय?"

कोल्हापुरात हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथल्या तालमी मूळच्या कुस्तीच्या, पण त्यांतूनच फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब यांच्यासारख्या संघांचा सामना राजर्षी शाहू स्टेडियमवर असला की पेठाच्या पेठा मैदानाकडे लोटतात आणि सामना सुटल्यावर चहाच्या गाड्यांवर पंचाचीच परीक्षा होते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्याकडे तालमी नाहीत, पण वाद तोच आहे. त्याचा निकाल लावायला पदार्थविज्ञान काही मदत करील का, ते आज पाहू.

नववीत तुम्ही संवेग शिकलात. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. आपल्या राष्ट्रीय महामार्गावर, अच्छाडच्या तपासणी नाक्यापाशी, भरलेले ट्रक मुंगीच्या पावलाने सरकताना तुम्ही पाहिले असतील. वीस टनांचा ट्रक सेकंदाला जेमतेम दहा सेंटिमीटर सरकत असला, तरी त्याचा संवेग २०,००० × ०.१ = २,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद एवढा भरतो. त्याला हाताने थोपवायला कोणी जात नाही. उलट फुटबॉलचे वस्तुमान ४१० ते ४५० ग्रॅम. तो सेकंदाला २० मीटर वेगाने आला तरी संवेग नऊच्याही आतच, म्हणून खेळाडू तो छातीवर सहज घेतो.

आता टॅकल करणारा खेळाडू घ्या. वस्तुमान ६० किलोग्रॅम, वेग सेकंदाला ६ मीटर. संवेग झाला ३६०. त्याने घसरत जाऊन स्थिर चेंडूला पाय मारला आणि चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने दूर गेला, असे समजू. चेंडूने किती संवेग नेला? ०.४३ × १० = ४.३. तो खेळाडूच्याच खात्यातून गेला, कारण एकूण संवेग कायम राहतो. म्हणजे ३६० पैकी ४.३ गेले आणि ३५५.७ उरले. चेंडू 'आधी' लागल्यामुळे खेळाडूचा संवेग जेमतेम सव्वा टक्क्याने कमी झाला! बाकीचा जवळजवळ सगळा संवेग तसाच पुढे चालला आहे, आणि पुढे प्रतिस्पर्ध्याचा पाय आहे. त्या पायाला चेंडू आधी लागला की नंतर, याचा काय उपयोग?

नियमही असेच सांगतो. फुटबॉलच्या बाराव्या नियमात टॅकल कशी केली याला महत्त्व आहे. निष्काळजीपणे केली तर फक्त फाउल, बेपर्वाईने केली तर पिवळे कार्ड, आणि अवाजवी जोर लावून प्रतिस्पर्ध्याच्या जिवाला धोका केला तर लाल. एके काळी नियमांत 'चेंडूला स्पर्श होण्याआधी खेळाडूला स्पर्श' असा उल्लेख होता. आज तो नाही, पण प्रेक्षकांच्या डोक्यातून तो अजून गेलेला दिसत नाही. (पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना केन ॲस्टन या इंग्लिश पंचाला रस्त्यावरच्या सिग्नलच्या दिव्यांवरून सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली. म्हणजे पुन्हा वाहतूकच!)

संवेग किती यापेक्षा तो किती वेळात संपतो हे अधिक महत्त्वाचे. बल म्हणजे संवेगातला बदल भागिले त्याला लागलेला वेळ. आपल्या खेळाडूचे ३६० एकक ०.४ सेकंदात संपले तर सरासरी बल ९०० न्यूटन येते. तेच ०.१ सेकंदात संपले तर ३,६०० न्यूटन, म्हणजे साडेतीन क्विंटलहून अधिक वजनाइतके. वेळ कशाने वाढतो? गुडघ्याने. वाकलेला गुडघा स्प्रिंगसारखा दबतो. शिवाय वाकलेल्या, मोकळ्या पायाने धक्का दिला तर टक्कर मुख्यतः गुडघ्याखालच्या भागाची होते. तो भाग आणि पाऊल मिळून शरीराचा सुमारे सोळावा हिस्सा, म्हणजे आपल्या खेळाडूच्या बाबतीत पावणेचार किलोग्रॅम. पण गुडघा ताठ करून पाय भाल्यासारखा पुढे धरला, की तो अख्ख्या शरीराशी जखडला जातो. मग त्या पायामागे पावणेचार नव्हे, साठ किलोग्रॅम येतात. ताठ पाय दिसला की पंचाचा हात खिशाकडे जातो तो यामुळे.

त्यात बुटाचे तळवे वर केलेले असतील तर विचारूच नका. तळव्यावरचे दोन खुंट मिळून दोन चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ धरले, तर ३,६०० न्यूटन बलाचा दाब चौरस सेंटिमीटरला १,८०० न्यूटन होतो. नडगीवर कडक शिनगार्ड असेल आणि त्याने तेच बल ६० चौरस सेंटिमीटरवर पसरवले, तर दाब ६० न्यूटनवर येतो, म्हणजे तीसपट कमी. शिनगार्ड एकूण बल फारसे कमी करत नाही, ते वाटून देते. म्हणून सामन्यात ते घालणे नियमाने सक्तीचे आहे.

आता एक प्रयोग करा. नवा खडू टेबलावर उभा धरा आणि वरून तळहाताने सरळ दाबा. तो बराच जोर सोसतो. मग तोच खडू दोन्ही टोकांना धरून वाकवा. कट्‌कन मोडतो. आपले हाडही दाब चांगला सोसते, वाकवणे त्यामानाने कमी सोसते. धावताना पाय हवेत असेल तर धक्क्यासरशी तो उघड्या दारासारखा बाजूला जातो. पण पाय जमिनीवर रोवलेला असेल, बुटाचे खुंट मातीत रुतलेले असतील, तर खालचे टोक जमिनीने धरलेले, वरचे टोक शरीराच्या भाराने धरलेले, आणि मधे आडवा तडाखा. हीच खडूची गत.

मागून केलेली टॅकल अधिक धोक्याची का, तेही इथेच कळते. धक्का येताना दिसला तर तो ओळखून पाय उचलायला माणसाला निदान ०.२ सेकंद लागतात. सेकंदाला ६ मीटर वेगाने येणारा प्रतिस्पर्धी तेवढ्यात १.२ मीटर अंतर कापतो. समोरून येणाऱ्यापासून पाय वाचवण्याची थोडी तरी संधी असते, मागून येणारा दिसतच नाही. २४ सप्टेंबर १९८३ रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर दिएगो मॅराडोनाचा डावा घोटा अशाच मागून आलेल्या टॅकलने मोडला होता.

धडक पायालाच बसते असेही नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपचा अंतिम सामना होता. गोव्याच्या डेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो कोसळला, पुन्हा उठला नाही. डेंपोने सामना जिंकला, पण गोव्यात त्या रात्री विजयाचा आनंद कोणाला होणार?

वादात हल्ली मोबाइलवरची मंदगती चित्रफीत पुराव्यादाखल पुढे केली जाते. मंदगतीत पाय कोठे लागला हे स्पष्ट दिसते, पण वेग दिसत नाही, आणि आपण पाहिले की सगळा खेळ वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की संवेग दुप्पट आणि गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून व्हिडिओ पाहून निर्णय देणाऱ्या साहाय्यक पंचांनाही अशीच सूचना आहे की स्पर्श कोठे झाला हे मंदगतीत पाहावे, पण टॅकलची तीव्रता नेहमीच्या गतीनेच ठरवावी. पुढच्या सोमवारी हा मुद्दा मांडून पाहा.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. आपल्या भागात जुलैत मैदान म्हणजे भातखाचरच. घसरून केलेल्या टॅकलमध्ये खेळाडूला थांबवते ते घर्षण. घर्षणांक ०.६ असेल तर सेकंदाला ६ मीटर वेगाने घसरणारा खेळाडू सुमारे ३ मीटरवर थांबतो. चिखलात घर्षणांक ०.३ झाला तर ६ मीटरवर. एकदा पाय जमिनीवरून सुटले की दिशा बदलणे त्याच्या हाती उरत नाही. ओल्या महामार्गावर ब्रेक दाबलेल्या ट्रकचे होते तेच.

आपल्याकडे पुष्कळ मुले अनवाणी खेळतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेचसे खेळाडूही अनवाणीच खेळले होते. सगळेच अनवाणी असतील तर निदान खुंटांचा दाब नाही. मात्र काहींच्या पायांत बूट आणि काही अनवाणी, अशी सरमिसळ शिक्षकांनी होऊ देऊ नये. सरावासाठी शिनगार्ड मिळत नसतील तर जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर नडगीच्या आकाराला वळवून लांब मोज्यात सरकवावेत. कारखान्यातल्या शिनगार्डाची सर त्यांना येणार नाही आणि सामन्यात ते चालणार नाहीत, पण काही नसण्यापेक्षा बरे.

शेवटी एक गणित. एकाच ओल्या मैदानावर, एकाच वेगाने, ४५ किलोग्रॅमचा एक मुलगा आणि ९० किलोग्रॅमचा एक दांडगा खेळाडू घसरत निघाले. दोघांसाठी घर्षणांक सारखाच आहे. जास्त लांब कोण जाईल? आणि वाटेत आलेल्या पायाला जास्त इजा कोणाकडून होईल? दोन्ही उत्तरे एकच असतील असे गृहीत धरू नका.