विश्लेषण : उन्हाशिवाय रंग देणारे ‘सेल्फ टॅनर’ संवेदनशील त्वचेला का झोंबते? निवडताना काय पाहावे?

गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत मोठ्या झालेल्या देशात त्वचा सावळी करणारे लोशन कोण विकत घेणार, असा प्रश्न पडू शकतो. मात्र शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर उतरणारे खेळाडू आणि कोडाचे पांढरे डाग झाकू पाहणारे रुग्ण यांच्यासाठी ‘सेल्फ टॅनर’ नवे नाही. त्वचा संवेदनशील असेल तर हेच लोशन खाज, लाली आणि पुरळ घेऊन येते. अशा वेळी दोष रंग देणाऱ्या घटकाचा असतो की बाटलीतल्या इतर गोष्टींचा? कोड असलेल्यांनी अधिक सावध का राहायचे?

रंग येतो कसा?

सेल्फ टॅनरमधील मुख्य घटक म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसिटोन, अर्थात डीएचए. ही तीन कार्बन अणूंची साधी शर्करा आहे. ग्लिसरीनपासून जिवाणूंच्या मदतीने ती तयार केली जाते. डीएचए स्वतः रंगीत नसते. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील अमिनो आम्लांशी तिची प्रक्रिया होते आणि तपकिरी संयुगे तयार होतात. तव्यावर भाकरीला खरपूस डाग पडतात किंवा परतताना कांदा तांबूस होतो, त्यामागे याच प्रकारची ‘मेलार्ड प्रक्रिया’ असते. इथे फक्त चुलीची गरज लागत नाही. रंग २ ते ४ तासांत दिसू लागतो आणि पुढे दिवसभर गडद होत जातो.

हा रंग किती टिकतो, हे समजायला मेंदीचे उदाहरण पुरेसे आहे. मेंदीही याच मृत थराला रंगवते. तळहातावर हा थर जाड असल्याने तिथे ती गडद रंगते, मनगटाच्या वर फिकी राहते आणि मृत पेशी झडतील तशी उतरते. सेल्फ टॅनरचेही तसेच. टाच, कोपर, गुडघे गडद होतात, चेहऱ्यावरचा रंग लवकर जातो आणि साधारण आठवडाभरात सगळे पुसट होते. पाण्याने तो धुऊन जात नाही, हा त्याचा फायदा. पण त्रास सुरू झाल्यावर तो पटकन काढताही येत नाही.

या गुणाचा शोध रुग्णालयात लागला, हे अनेकांना ठाऊक नसते. १९५०च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एव्हा विट्गेनस्टाइन या संशोधक ग्लायकोजेनशी संबंधित आजार असलेल्या मुलांना डीएचए तोंडावाटे देत होत्या. त्वचेवर सांडलेल्या थेंबांच्या जागी तपकिरी डाग पडतात, कपड्यांवर मात्र पडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी स्वतःच्या त्वचेवर ते लावून पाहिले. १९६०च्या सुमारास बाजारात आलेली पहिली उत्पादने त्वचा नारिंगी करत. ती ख्याती या उत्पादनांना आजही पूर्णपणे पुसता आलेली नाही.

मग झोंबते ते काय?

खुद्द डीएचएची ॲलर्जी होऊ शकते, मात्र ती दुर्मीळ आहे. त्वचेला कोरडेपणा आणणे हा तिचा अधिक नेहमीचा दोष. बहुतेक वेळा त्रास होतो तो डीएचएसोबत बाटलीत असलेल्या घटकांचा. गंमत अशी, की बाटलीच्या दर्शनी भागावर जी वैशिष्ट्ये म्हणून मिरवली जातात, त्यांच्यामागेच अनेकदा त्रासाचे कारण असते.

सुगंधाचेच घ्या. त्वचेवर डीएचएची प्रक्रिया होताना एक विशिष्ट, काहीसा शिळ्या बिस्किटासारखा वास येतो. तो झाकण्यासाठी या उत्पादनांत भरपूर सुगंध घातला जातो. सुगंधी द्रव्ये हे सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. ‘नैसर्गिक’ लिहिलेली बाटली याला अपवाद नसते, कारण लव्हेंडर किंवा लिंबूवर्गीय तेलांतील लिनालूल आणि लिमोनीन हवेच्या संपर्काने बदलतात आणि ॲलर्जीला कारण ठरतात.

‘दोन मिनिटांत वाळते’ असा दावा असेल तर बहुधा त्यात अल्कोहोल जास्त असते. आधीच कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेवर ते आग करते. पातळ लोशन किंवा फोम म्हणजे पाणी आले, आणि पाणी आले की ते खराब होऊ नये म्हणून संरक्षक रसायने आली. त्यातील मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे नाव लांबलचक असले तरी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातील ॲलर्जन’ ठरवले होते. लावून तशाच ठेवायच्या प्रसाधनांत ते वापरण्यास युरोपीय महासंघाने २०१७ पासून बंदी घातली आहे. डीएमडीएम हायडँटॉइन आणि क्वाटर्नियम-१५ ही फॉर्माल्डिहाइड सोडणारी संरक्षके आणि काहींना न मानवणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल हीदेखील याच यादीतली नावे.

‘एकाच थरात गडद’ या दाव्याचा अर्थ डीएचएचे प्रमाण जास्त. नेहमीच्या उत्पादनांत ते ३ ते ५ टक्के असते, गडद प्रकारांत बरेच वाढते. युरोपीय महासंघाने सेल्फ टॅनरसाठी १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

शरीरसौष्ठवपटूंच्या बाबतीत तर सगळेच एकत्र येते. मंचावरच्या झगझगीत दिव्यांत स्नायूंच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून गडद रंगाचे थरावर थर दिले जातात. त्याच्या आदल्या दिवशी अंगभर वस्तरा फिरलेला असतो, शरीरातील पाणी कमी केलेले असते आणि लोशन नेमके कोणते हे अनेकदा रंग लावणाऱ्यालाच माहीत असते. वस्तरा आणि पहिला थर यांत किमान एक दिवस ठेवणे आणि तीच बाटली स्पर्धेच्या काही आठवडे आधी आजमावणे, एवढे तरी हाती असते.

कोड असलेल्यांसाठी प्रश्न अधिक गंभीर का?

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. डीएचएला या पेशींची गरज नसते. ती वरच्या मृत थराला रंगवते आणि तो थर पांढऱ्या डागावरही असतो. त्यामुळे डाग झाकण्यासाठी तिचा वापर अनेक दशकांपासून होत आहे आणि त्यासाठीची लोशन भारतातही मिळतात. मेकअपसारखा हा रंग कॉलरला लागत नाही आणि घामाने ओघळत नाही. कोड संसर्गजन्य नाही हे कितीही सांगितले तरी लग्न जमवताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत चेहऱ्यावरचा डाग कसा पाहिला जातो, हे ज्यांच्या वाट्याला आले त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी ही बाटली फॅशनची वस्तू नसते.

धोका आहे तो ‘कोबनर परिणामा’चा. कोड असलेल्या अनेकांमध्ये जिथे त्वचेला इजा होते, तिथे नवा डाग उमटतो. ओरखडा, भाजणे, घट्ट नाडीचा काच किंवा ॲलर्जीचा दाह, यांपैकी काहीही त्याला निमित्त ठरू शकते. म्हणजे इतरांना आठवडाभर खाजवून जाणारी ॲलर्जी इथे डाग वाढवून जाऊ शकते. डाग सध्या पसरत असतील तर नवे लोशन स्वतःच्या मनाने सुरू न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारणे आवश्यक ठरते.

दुसरी बाब प्रकाशोपचाराची. डीएचएने रंगलेला थर काही प्रमाणात अतिनील किरण अडवतो. कोडावर यूव्हीबी उपचार सुरू असताना डागावर सेल्फ टॅनर लावले तर किरणांची मात्रा कमी पडू शकते. उपचार घेणाऱ्यांनी लोशनची माहिती डॉक्टरांना द्यायला हवी. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि बाटलीवरही लिहिलेली नसते.

बाटलीवर नेमके काय वाचायचे?

आधी एक गोंधळ. ऑनलाइन ‘डीएचए’ शोधले की माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि बाळाच्या दुधाची पावडर समोर येते. ते डीएचए म्हणजे डोकोसाहेक्झिनॉइक आम्ल. त्याचा या शर्करेशी काडीचाही संबंध नाही, आद्याक्षरे तेवढी सारखी.

‘संवेदनशील त्वचेसाठी’, ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दांवर फार भिस्त ठेवता येत नाही. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) स्वतःच स्पष्ट केले आहे. ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स फ्री’ यांतही फरक आहे. पहिल्यात वास दडपण्यासाठी सुगंधी द्रव्य असू शकते. त्यामुळे मागच्या घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द नसणे, हा खरा निकष. यादी जितकी आखूड तितके बरे, कारण काही झालेच तर दोषी शोधणे सोपे जाते. सुकामेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी बदाम तेल आणि अक्रोडाचा अर्कही पाहावा, काही टॅनरमध्ये तो असतो.

संवेदनशील त्वचेसाठी ‘ग्रॅज्युअल’ प्रकारचे, म्हणजे कमी डीएचए असलेले मॉइश्चरायझर ही सुरुवातीला तुलनेने सुरक्षित निवड मानता येईल. रंग तीन-चार दिवसांत हळूहळू चढतो आणि पहिल्याच दिवशी काही जाणवले तर थांबता येते. काही उत्पादनांत डीएचएसोबत एरिथ्रुलोज ही दुसरी शर्करा असते. तिचा रंग सावकाश येतो आणि फिका असतो.

परदेशी बाटली घेताना आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक लेबलवर आहे का, ते बघावे. उष्णतेने डीएचए बिघडते. विदर्भातल्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिलेली बाटली तारखेत असली तरी वास आणि रंग बदललेला असू शकतो.

घरी चाचणी किती दिवस करायची?

‘२४ तास कानामागे लावून बघा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अपुरा आहे. नुसती जळजळ असेल तर ती काही मिनिटांत किंवा तासांत कळते. खरी ॲलर्जी मात्र एक ते तीन दिवसांनी उमटते, आणि शरीराची त्या घटकाशी पहिलीच ओळख असेल तर आणखी उशिरा. त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लोशन लावून पाहायचे. ती जागा गडद होणारच, म्हणून बाहीखाली झाकली जाईल अशी निवडायची. रंग येणे हा दोष नाही. खाज, लाली, फोड किंवा उंचवटे आले तर बाटली बाजूला ठेवायची. कोड असलेल्यांनी ही घरगुती चाचणीही डॉक्टरांना विचारूनच करावी.

काळ्या मेंदीने किंवा केसांच्या रंगाने पूर्वी फोड आले असतील, किंवा दर वेळी वेगळ्याच प्रसाधनाने त्रास होत असेल, तर रुग्णालयातील पॅच टेस्ट अधिक उपयोगी. त्यात पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवतात आणि नंतर दोन वेळा नोंद घेतात. नेमक्या घटकाचे नाव कळले की पुढची प्रत्येक बाटली त्याच नावासाठी वाचता येते.

लावताना

रंग एकसारखा यावा म्हणून आधी स्क्रब करा, असे बहुतेक व्हिडीओंत सांगतात. संवेदनशील त्वचेसाठी, आणि कोड असेल तर नक्कीच, वज्रीने घासणे टाळावे. ओल्या मऊ पंचाने हलके पुसणे पुरेसे आहे. कोपर, गुडघे, घोट्यांवर साधे मॉइश्चरायझर आधी लावले तर तिथे काळपट ठिपके पडत नाहीत. इसब उठलेल्या किंवा सोललेल्या जागी लोशन लावू नये. तिथे झोंबतेही आणि रंगही चट्ट्याचट्ट्यांनी चढतो. कोडाच्या डागावर लावताना कापसाची काडी वापरून कडेच्या किंचित आत थांबायचे, नाहीतर भोवतीची चांगली त्वचाही गडद होते आणि डागाची किनार अधिकच उठून दिसते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रात्री, पंख्याखाली लावणे सोयीचे. पहिल्या काही तासांत घाम आला तर ओघळ उमटतात.

डोळे, ओठ आणि नाकाच्या आतील त्वचेवर डीएचए लागू नये, श्वासातून आत जाऊ नये, असे एफडीएचे म्हणणे आहे. स्प्रेने रंगवून घेताना हे पाळणे कठीण असते. दमा असणाऱ्यांनी स्प्रेपेक्षा लोशन घ्यावे. रंग आणणाऱ्या कँथाझँथिनच्या गोळ्या आणि मेलॅनोटॅनची इंजेक्शने किंवा नाकातले स्प्रे यांचा तर विचारही नको. पहिल्याने डोळ्यांच्या पडद्यावर स्फटिक साचल्याच्या नोंदी आहेत, दुसऱ्याबाबत अनेक देशांच्या नियामकांनी इशारे दिले आहेत.

रंग चढला म्हणजे उन्हापासून संरक्षण मिळाले, असेही नाही. डीएचएचे कवच अगदी किरकोळ असते आणि काही तासच टिकते. कोडाचा डाग तपकिरी दिसू लागला तरी तो उन्हात भाजतोच, त्यामुळे सनस्क्रीन सुटत नाही.

त्रास झालाच तर?

कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे. उरलेले लोशन निघेल, चढलेला रंग राहील. तो काढण्यासाठी इंटरनेटवर सुचवले जाणारे लिंबू किंवा खाण्याचा सोडा दाह झालेल्या त्वचेवर चोळणे म्हणजे आगीत तेल. थंड पाण्याची घडी आणि बिनवासाचे मॉइश्चरायझर एवढेच करावे. औषध दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइड असलेली मिश्र क्रीम लावू नयेत. त्वचा पातळ होणे आणि चेहऱ्यावर पुरळ येणे यांसाठी ती पुरेशी बदनाम आहेत. दोन-तीन दिवसांत लाली ओसरली नाही, फोड आले किंवा कोडाच्या रुग्णाला दाहाच्या जागी फिकटपणा दिसू लागला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना बाटली सोबत न्यावी, घटकांच्या यादीसह. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.