डोंगरीच्या कातळाची साक्ष

बेव्हर्ली पार्कच्या परिसरात नजर टाकली, तर इमारतींची दाटी आणि खाडीलगतची सखल भूमी एवढेच दिसते. येथे एके काळी अग्नीचे साम्राज्य होते, हे सांगूनही कोणास खरे वाटणार नाही. परंतु पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पश्चिमेस डोंगरी-उत्तनच्या टेकड्या आजही त्याची साक्ष देत उभ्या आहेत.

ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा, शिखरातून ज्वाला ओकणारा पर्वत आपल्या डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा महाउद्रेक तसा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस पुनःपुन्हा बाहेर पडून दूरवर पसरला. तो थंड होऊन काळ्या बेसाल्टचे थरांवर थर साचले. झीज होऊनही हा खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशात उरला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या हेच ते थर होत. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. त्या नावाचे मूळ जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे.

आपल्या साष्टीची कथा मात्र याहून थोडी निराळी आहे. डोंगरी येथे बेसाल्टऐवजी रायोलाइट हा खडक आढळतो. त्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने त्याचा शिलारस घट्ट असतो व संथपणे वाहतो. खडकातील पोटॅशियमचा अल्पसा किरणोत्सारी अंश ठरावीक गतीने आरगॉन वायूत बदलत असतो. त्यावरून खडकाचे वय काढता येते. मुंबईच्या आयआयटीतील हेतू शेठ व कांचन पांडे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार डोंगरीच्या या खडकाचे वय ६ कोटी २६ ते २९ लाख वर्षे भरते. म्हणजेच दख्खनचा मुख्य उद्रेक ओसरल्यावरही सुमारे ३० लाख वर्षांनी येथील अग्नी विझलेला नव्हता.

याच रायोलाइटच्या खाली गाळाचा थर सापडला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात येथे पाणी साचले होते, गाळ बसत होता, असा त्याचा अर्थ. वरळीच्या अशाच थरांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. अग्नी शांत होताच जीवन पुन्हा परतत होते. पुढे हे सारे थर समुद्राच्या दिशेने कलले. डोंगरीचा रायोलाइटही पश्चिमेकडे झुकलेला असल्याने हे कलणे त्याच्या निर्मितीनंतरही चालू होते, हे उघड होते.

राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणीही याच अग्नीच्या देणगीतून घडली. उद्रेकात फुटलेले तुकडे एकत्र सांधून बनलेल्या खडकात भिक्खूंनी शंभराहून अधिक लेणी कोरविली, पावसाचे पाणी साठविण्यासाठी पोढी खोदविल्या. त्यांनी कातळ कोरला, पण डोंगर राखला.

आमच्या पिढीने मात्र डोंगराकडे बहुधा खडीचा साठा म्हणूनच पाहिले. खाणीमुळे खडकाचा अंतर्भाग उघडा पडतो व अभ्यासकास तो वाचता येतो, हे खरे. परंतु खोदकाम थांबले नाही, तर वाचावयाचे पानच नाहीसे होते. घर बांधण्यास दगड हवाच. पण डोंगरीसारखा काही भाग तरी अभ्यासासाठी राखून ठेवणे आपल्या हाती आहे. रायोलाइट आणि त्याखालचा गाळ एकदा फोडला गेला, तर त्यांचा क्रम कोणत्याही उपायाने परत मांडता येणार नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी भूगोलाच्या पुस्तकाबरोबर हा जवळचा कातळही पाहावा, त्याचा रंग, थर आणि कल वहीत नोंदवावा, असे आम्हास वाटते. जो कातळ वाचता येतो, तो राखण्याची बुद्धीही त्यातूनच होते.