सामना गायकांचा, फायदा कोणाचा?

एप्रिल उजाडला की वस्तीवस्तीत पोस्टर लागतात : भीमगीतांचा जंगी सामना! एका स्टेजवर दोन पार्ट्या. सवाल-जवाबाला आमची हरकत नाही, ती लोकगायनाची जुनी रीत आहे. पण मध्यरात्र उलटली की बाबासाहेब बाजूला राहतात आणि एकमेकांच्या आवाजाची, घरादाराची टवाळी सुरू होते. शिट्ट्या पडतात.

अशाच एका सामन्यानंतर आम्ही स्टेजमागे गेलो. नुकतेच एकमेकांवर तुटून पडलेले दोघे गायक एकाच डब्यातली भाकरी खात होते. मंडळाने ठरलेल्या बिदागीपैकी निम्मीच हातावर टेकवली, तेव्हा मात्र दोघे वेगवेगळे भांडले आणि वेगवेगळे हरले. 'तो तर कमीत येतो,' हे प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल ऐकवले गेले.

लोककवी वामनदादा कर्डक 2004 साली गेले. आजही कितीतरी पार्ट्यांची चूल त्यांच्या गाण्यांवर पेटते. तरीही शेवटच्या कडव्यातले कवीचे नाव गाळून स्वतःचे घालण्याची खोड आपल्यात शिरली आहे. ही चढाओढ नव्हे, चोरी आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे गाणे विकले तरी कवीचा नावाचा हक्क विकला जात नाही. 2012 च्या दुरुस्तीने तर ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला कवी-संगीतकाराचा वाटा करारानेही सोडून देता येत नाही.

पण एकट्या कवीने कंपनीच्या दारात हा कायदा सांगितला, तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर हे तिघेही स्वतंत्र ताकदीचे शाहीर 1940 च्या दशकात लाल बावटा कलापथकात एकत्र उभे राहिले. त्यांच्या पक्षाशी आमचे मतभेद आहेत, त्यांच्या एकजुटीशी नाहीत.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसे पुरतात. एका पार्टीतच पेटी, ढोलकी, कोरस धरून तेवढी भरतात. तालुक्यातल्या पार्ट्यांनी मिळून संस्था नोंदवावी. बिदागीचा किमान आकडा ठरवावा, निम्मी रक्कम आगाऊ आणि लेखी घ्यावी. ढोलकीवाल्याचा वाटाही लेखी असावा, तो नेहमी विसरला जातो. अर्ज व नियमावली आम्ही वकील मंडळी विनामूल्य लिहून देऊ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुपाऱ्या ठरण्याआधी या.